जुनी शास्त्रीय ध्वनिमुद्रणं ऐकणं, शोधणं आणि देणं-घेणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुकतेच ऐकायला लागलेले श्रोते, घरातल्या माळ्यावर खोकंभर कॅसेटी सापडलेले लोक आणि वर्षानुवर्षं मुद्रणांची देवाणघेवाण करणारे संग्राहक, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. उत्तरं हिंदुस्थानी रागसंगीतातला मुख्य गायनप्रकार, म्हणजे ख्यालगायन, डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. वाद्यसंगीतालाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

मला रागांतलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

जे आधीच कानावर आहे तिथून. मराठी घरात चार-दोन नाट्यपदं तरी प्रत्येकाच्या ओठांवर असतात. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे मुरलेल्या ख्यालियाच्या. ‘नाथ हा माझा’ यमनमध्ये आहे, ‘मम आत्मा गमला’ बिहागमध्ये. ही पदं बालगंधर्वांच्या आवाजात ऐका आणि लगेच त्याच रागातला एखादा ख्याल लावा. राग ओळखता आला नाही तरी ‘हे ओळखीचं आहे’ असं वाटू लागतं, आणि पहिल्या महिन्यात एवढं पुरे.

दुसरी सूचना : एक राग घ्या आणि आठ-दहा दिवस तोच ऐका, चार वेगवेगळ्या गायकांकडून. रोज नवा राग ऐकणाऱ्याला कोणताच राग नीट भेटत नाही.

जुन्या तबकड्यांवर ख्याल तीन मिनिटांत संपतो. एवढ्याशा गाण्यात काय ऐकायचं?

पुष्कळ. पण ऐकण्याची रीत थोडी बदलावी लागते.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. १९२५च्या सुमाराला विजेवर चालणारा मायक्रोफोन येईपर्यंत गायकाला भोंग्यात तोंड घालूनच गावं लागे. त्यामुळे त्या काळच्या मुद्रणांत तंबोरा जवळपास ऐकूच येत नाही, तबलाही कुठेतरी लांब वाजत असल्यासारखा वाटतो. अशा अडचणीत ज्यांनी राग उभा केला त्यांनी मैफलीतलं गाणं नुसतं कापून आखूड केलं नाही, तीन मिनिटांसाठी गाण्याची वेगळी बांधणी केली. फैयाज खाँचा जयजयवंती घ्या, ‘मोरे मंदर अबलों नहीं आये’. त्यात पहिल्या काही क्षणांत राग समोर येतो, बोलांची लयीशी झटापट होते, तानाही येतात, आणि घाई झाली असं कुठेही वाटत नाही.

अशी तबकडी सलग तीनदा ऐकावी. पहिल्यांदा शब्द आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. दुसऱ्यांदा सम सोडून मधल्या जागा : गायक कुठे थांबतो, कोणत्या स्वरावर परत येतो. तिसऱ्यांदा फक्त साथ. तीनदा ऐकायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात कळतं ते नुसत्या कानावरून जाऊ दिलेल्या तासाभराच्या मैफलीतही कळत नाही.

या तबकड्यांनी गायक घडवले आहेत, हेही विसरू नये. भीमसेन जोशी स्वतः सांगत, की लहानपणी दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि असं गाणं शिकायचंच या ओढीने त्यांनी घर सोडलं. कुमार गंधर्व तर लहानपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गात. १९३५ साली अलाहाबादच्या परिषदेत गायले तेव्हा ते फार तर अकरा वर्षांचे होते.

अमुक एका बुवांचं मुद्रण कुठेच का सापडत नाही?

कदाचित ते झालंच नसेल. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, त्यांच्या उमेदीच्या काळात मुंबईत तबकड्या निघत होत्या, तरी त्यांच्या गाण्याचं एकही मुद्रण उपलब्ध नाही. आपलं गाणं यंत्राच्या स्वाधीन करायला त्या पिढीतले अनेक जण तयार नव्हते. त्यांच्या गायकीपर्यंत पोचायचं तर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांना ऐकायचं. तिघांचा एकच राग शेजारी शेजारी ठेवून ऐका. तिघांत जे सारखं आहे त्यातून खाँसाहेबांची चाहूल लागते. श्रोत्याला करता येण्यासारखं याहून सुंदर काम मला माहीत नाही.

आहेत ती मुद्रणं शोधायची कुठे?

विकत मिळणारं असेल तर आधी विकत घ्या. एचएमव्हीचा जुना साठा आता सारेगामाकडे आहे. आकाशवाणीच्या भांडारातल्या कितीतरी मैफली प्रसार भारतीने प्रसिद्ध केल्या आहेत, आणि आकाशवाणीची ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी २०१६ पासून चालू आहे. मोबाइलवर ती फुकट ऐकता येते आणि तिच्यावर जुनी मुद्रणं अवचित लागतात.

संस्थांचे संग्रह ही पुढची पायरी. मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), कोलकात्यात संगीत रिसर्च अकादमी, गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ साली सुरू झालेलं संगीत अभिलेखागार. सत्यशील देशपांड्यांनी मुंबईत उभा केलेला संवाद फाउंडेशनचा संग्रह तर वेगवेगळ्या घराण्यांची गायकी, बंदिशी (रागात बांधलेल्या रचना) आणि त्यामागचा विचार नोंदवून ठेवण्यासाठीच जमवलेला आहे. अशा ठिकाणी बहुधा तिथे बसून ऐकावं लागतं, प्रत मिळत नाही. तरी जावं. तबकड्यांबद्दल नेमकं काही हवं असेल, म्हणजे क्रमांक, लेबल, साल, तर सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मुंबईच्या संस्थेने १९९० पासून केलेलं काम पाहा.

बाकी यूट्यूब आहेच. तिथे शोधताना रागाच्या नावाऐवजी बंदिशीचे पहिले शब्द टाकून पाहा, आणि दोन-तीन प्रकारे लिहून पाहा : ‘जात कहाँ हो’, ‘जात कहां हो’, ‘जाता कहाँ हो’. संग्राहक रागाचं नाव चुकवतात, गायकाचंही चुकवतात. शब्द मात्र ऐकून लिहिलेले असल्यामुळे बहुधा बरोबर असतात.

ही ‘जात कहाँ हो’ म्हणजे केसरबाईंची भैरवी. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर ती आहे. ती निवडणाऱ्या मंडळींनासुद्धा तिची प्रत सहजी मिळाली नव्हती. बरीच शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली. त्यामुळे आठ-पंधरा दिवस हाती काही लागलं नाही तर खचून जाऊ नका, आणि ज्या दुकानात संगीताचं काही नसेल असं वाटतं तिथेही विचारा.

मुद्रण मिळालं, पण कोण गातंय, कधीचं आहे, काही लिहिलेलं नाही. कसं ओळखायचं?

मुद्रणातच खुणा असतात. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी तबकड्यांसाठी गायल्यावर शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ असं म्हटलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, आणि लेबल लावणाऱ्यांना नाव कळावं म्हणून ही सोय होती. त्यामुळे पहिल्या काळातली तबकडी शेवटच्या खरखरीपर्यंत ऐका. आकाशवाणीच्या मुद्रणात निवेदन शिल्लक असेल तर ते सोन्यासारखं जपा. लोक नेमकं तेच ‘गाणं नाही’ म्हणून कापून टाकतात.

निवेदन नसेल तर साथ ऐका. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. ‘आकाशवाणी, १९५५’ असं लिहिलेल्या मुद्रणात पेटी स्वच्छ वाजत असेल तर साल चुकलं आहे किंवा ते आकाशवाणीचं नाही. उलट नुसती सारंगी असली म्हणून ते त्याच काळातलं ठरत नाही, कारण सारंगी नंतरही होती. विलंबिताची, म्हणजे संथ ख्यालाची, लयसुद्धा काही सांगते. अमीर खाँनी अतिविलंबित झुमरा ताल रुजवल्यावर पुढच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचा विलंबित संथ होत गेला. त्याआधीचे ख्याल आजच्या कानाला मध्यलयीतले वाटतात.

मग बंदिश. शब्द लिहून काढा, अर्धेमुर्धे कळले तरी लिहा. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत बंदीश सापडली तर राग आणि ताल दोन्ही पक्के होतात. अनवट रागांच्या बाबतीत उतावीळ होऊ नका. मन्सूरांचा एक निषाद बिहागडा किंवा लाचारी तोडी पहिल्यांदा ऐकणारा त्याला हमखास दुसरंच काही म्हणतो.

आवाजावरून गायक ओळखणं सगळ्यात शेवटी. शिष्य गुरूसारखा गातो, मुलगा बापासारखा, आणि खराब मुद्रणात सगळे एकमेकांसारखे वाटतात. चार जाणकारांना ऐकवा, पण एकाचं मत दुसऱ्याला आधी सांगू नका. तरीही खात्री नसेल तर नोंदीत ‘बहुधा’ लिहा. ‘बहुधा’ लिहिलेली नोंद उद्या कोणी सुधारेल. ठासून लिहिलेली चुकीची नोंद शंभर प्रतींत पसरते आणि मग निस्तरता येत नाही.

आवाज बारीक, घाईघाईचा वाटतो. वेग चुकलाय का?

शक्य आहे. सुरुवातीच्या काळात तबकड्यांचा मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग पक्का ठरलेला नव्हता. स्पूल आणि कॅसेटच्या बाबतीत यंत्राची मोटर, पट्टा, बॅटरी यातलं काहीही घोळ घालू शकतं.

एक चांगली युक्ती आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. मैफलीत वापरलेल्या यंत्रात विजेची घुमघुम शिरली असेल तर ती मुद्रणात ५० किंवा तिच्या पटीत, म्हणजे १०० हर्ट्‌झवर दिसायला हवी. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढून पाहा. तीच घुमघुम ५३ला दिसत असेल तर फीत सहा टक्के वेगाने धावते आहे आणि गाणं जवळजवळ एक पट्टी चढलं आहे : पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गातो आहे. अडचण एवढीच, की प्रतीची प्रत काढताना नंतरच्या यंत्राचीही घुमघुम मिसळते. म्हणून त्याच गायकाच्या त्याच सुमाराच्या खात्रीच्या मुद्रणाशी पट्टी ताडून पाहावी. वेग सुधारलात तर तसं नोंदीत लिहा आणि मूळ प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवा.

नोंदीत काय काय हवं?

गायक, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, तबल्यावर कोण, पेटीवर किंवा सारंगीवर कोण, तंबोऱ्यावर बसून स्वरसाथ करणारे शिष्य कोण, गाव, जागा, तारीख. एवढं सगळेच सांगतात. त्याहून महत्त्वाची आणि जवळजवळ कोणीच न लिहिणारी गोष्ट म्हणजे मुद्रण तुमच्याकडे कुणाकडून आलं आणि त्यांच्याकडे कुठून आलं. ही साखळी असेल तर पन्नास वर्षांनीसुद्धा मूळ फितीपर्यंत पोचता येतं. ती तुटली की हातात उरतो तो कुणाचा तरी, कधीचा तरी आवाज. साथीदारांची नावं तर कृपा करून गाळू नका. कितीतरी उत्तम तबलजींचा आणि सारंगियांचा पुरावा दुसऱ्यांच्या मैफलींतच शिल्लक आहे.

नोंद फाइलच्या नावात थोडक्यात आणि सोबतच्या साध्या मजकूर फाइलीत सविस्तर ठेवा. कॅसेटच्या वेष्टनाचा आणि त्यावरच्या हस्ताक्षराचा फोटोही काढा.

खासगी बैठकीचं मुद्रण माझ्याकडे आहे. ते इतरांना दिलं तर चालेल?

हा सगळ्यात नाजूक प्रश्न आहे आणि यावर संग्राहकांत खरेखुरे मतभेद आहेत.

दिवाणखान्यात पंचवीस माणसांसमोर कलाकार मोकळा होतो. तो नवा राग चाचपून पाहतो, एखादी जागा फसली तर हसून परत घेतो, मधेच दुसऱ्या कुणाच्या गाण्याबद्दल बोलतो. यजमानाला त्याने फीत चालू ठेवू दिली ती त्या घरासाठी, सगळ्या जगासाठी नव्हे. दुसऱ्या बाजूला हेही खरं, की घराण्यांतल्या दुर्मीळ बंदिशी आणि मोकळी, तासभर उलगडत जाणारी गायकी याच फितींत टिकली आहे, आणि कपाटात बंद ठेवलेल्या फिती बुरशीने मेल्या आहेत.

माझं मत असं : कलाकार हयात असेल तर त्यांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नये. नसतील तर कुटुंबाला किंवा ज्येष्ठ शिष्यांना विचारावं. बहुतेक घरं आनंदाने हो म्हणतात, वर एक प्रत मागतात, कारण त्यांच्याकडेच ते मुद्रण नसतं. प्रत त्यांना आधी द्यावी. गप्पांमध्ये कुणाची निंदा असेल, कुणाच्या घरातलं काही असेल, तर बाहेर देण्याच्या प्रतीतून तेवढा भाग वगळावा. आणि जो देतो त्याने ‘पुढे कुणाला द्यायचं नाही’ असं सांगितलं असेल तर ते पाळावं, समोरचा कितीही गयावया करो. असा शब्द मोडला, की ती दारं तुमच्यासाठीच नव्हे, सगळ्यांसाठी बंद होतात.

मुद्रणाचे पैसे घेऊ नयेत. फितीचा, पेन ड्राइव्हचा, टपालाचा खर्च घेणं वेगळं.

आणि कायदा काय म्हणतो?

थोडक्यात : १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाला साठ वर्षं संरक्षण असतं, आणि ती मोजायची प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून. १९६० साली बाजारात आलेल्या तबकडीचं संरक्षण २०२०च्या अखेरीस संपलं. पण हे मुद्रणाच्या हक्काबद्दल झालं. त्यातल्या काव्याचा किंवा चालीचा हक्क वेगळा आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. पारंपरिक बंदिशीत हा प्रश्न सहसा येत नाही, नाट्यपदात आणि भावगीतात येऊ शकतो. सादरकर्त्या कलाकाराचाही स्वतंत्र हक्क आहे, पन्नास वर्षांचा. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक शिकवण्या-संशोधनासाठी मुद्रण करायला कायदा मुभा देतो, पण तेच मुद्रण जगजाहीर करायला ती मुभा पुरत नाही. मोठ्या प्रमाणावर काही प्रसिद्ध करायचं असेल तर वकिलाला विचारा.

आजोबांच्या तबकड्या आणि कॅसेटी सापडल्या. लगेच वाजवून पाहू का?

नको. आधी स्वच्छता.

७८च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे स्पिरिट, सॅनिटायझर, बाजारातले अल्कोहोल असलेले द्रव यांचा थेंबही लावू नका. डिस्टिल्ड पाणी, त्यात अगदी थोडा सौम्य साबण, मऊ कापड, खाचेच्या दिशेने पुसणं, लेबल कोरडं ठेवणं, आणि उभं करून वाळवणं. या तबकड्यांना सुईही वेगळी, जाड लागते. एलपीच्या सुईने वाजवाल तर आवाज खराब येईल आणि सुईही बिघडेल.

फितीवर पांढरी बुरशी दिसली किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर यंत्रात घालूच नका, जाणकाराकडे न्या. चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटीसुद्धा आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून मग वाजवा. पहिल्यांदा वाजवतानाच मुद्रण करून घ्या, कारण दुसऱ्यांदा ती वाजेलच याची खात्री नसते.

कोणत्या स्वरूपात साठवू आणि कशी पाठवू?

मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ, वेव्ह किंवा फ्लॅक. वेव्हमध्ये तासाला सुमारे दोन जीबी लागतात, फ्लॅकमध्ये पुष्कळ कमी. ऐकायला आणि पाठवायला एमपी३ चालेल, ३२० केबीपीएस ठेवा. एमपी३चं परत एमपी३ करू नका. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून. खरखर काढायचा मोह झाला तर प्रतीवर काढा. तिच्याबरोबर तंबोऱ्याची आस आणि आवाजाची धारही जाते, आणि ती परत येत नाही.

एकत्र बसून ऐकण्याचं सत्र कसं करावं?

आठ-दहा माणसं, एक बरी स्पीकरची जोडी, दोन तास. मोबाइल बाहेर. एका बैठकीत एकच सूत्र घ्या : एक राग चार घराण्यांतून, किंवा एकच गायक तरुणपणी आणि उतारवयात, किंवा अब्दुल करीम खाँ, त्यांची मुलं सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर, शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन अशी किराणा घराण्याची एक सलग वाट.

गायकाचं नाव मुद्रण संपल्यावरच सांगा. नाव आधी कळलं की कान नावाप्रमाणे ऐकतात. नवख्यांना आधी बोलू द्या, कारण जाणकारांनी एकदा निकाल दिला की बाकीचे गप्प बसतात. आमच्या बैठकींत सगळ्यात नेमकी गोष्ट पुष्कळदा अशा माणसाने टिपली आहे ज्याला रागाचं नावही सांगता येत नव्हतं : ‘मघाशी वर जाताना जो स्वर लागला तो खाली येताना लागत नाहीये.’

घराण्यांवरून भांडण जुंपलं तर जुंपू द्या. फक्त दोन्ही पक्षांनी पुढच्या बैठकीला पुरावा म्हणून मुद्रण आणायचं, असा नियम ठेवा.

सगळं जुनंच का? आजचं कुणी ऐकायचं नाही का?

ऐकायचं, आणि समोर बसून, तिकीट काढून. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव चालू आहे, आणि गावोगावची लहान संगीत मंडळं तरुण कलाकारांना पहिली संधी देतात. तिथे मोबाइलवर चोरून मुद्रण करू नका. परवानगी मागा, मिळाली तर तारीख आणि साथीदारांची नावं त्याच रात्री लिहून ठेवा.

माझ्यानंतर माझ्या संग्रहाचं काय?

याचा निर्णय हातीपायी धड असतानाच घ्या. मुलांना गोडी असेल तर उत्तमच. नसेल तर एखाद्या संस्थेशी आत्ताच बोला आणि लेखी ठरवा : कोण ऐकू शकेल, प्रती मिळतील का, मूळ फिती कुठे राहतील. ‘घ्या सगळं’ म्हणून खोकी पोचवून आलं की ती तशीच पडून राहण्याची शक्यता जास्त. तोवर डिजिटल प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा आणि वर्षातून एकदा हार्ड डिस्क उघडून चालते का ते पाहा.

आणि यादी स्वतः करा. कॅसेटवर ‘पंडितजी, दादर, पावसात’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ते कोणते पंडितजी आणि कुठलं दादरचं घर हे तुमच्याखेरीज कुणालाच सांगता येणार नाही.